पहिल्या फेरीतील प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी नातवंडांचा मेळा जमतो. यंदा पत्ते बाजूला पडले आणि ‘माफिया’ नावाचा खेळ रंगला. नऊ मुले गोलाकार बसली. सूत्रधाराचे काम माझ्याकडे आले.

ज्या वाचकांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिठ्ठ्या उचलून दोघे माफिया, एक डॉक्टर, एक गुप्तहेर आणि उरलेले पाच साधे नागरिक ठरतात. ‘रात्री’ सर्वांनी डोळे मिटायचे. माफिया तेवढे डोळे उघडून एकमेकांस ओळखतात आणि खुणेने एकास बाद करतात. डॉक्टर एकास वाचवू शकतो, गुप्तहेर एकाची खरी ओळख सूत्रधारास विचारू शकतो. ‘दिवस’ उजाडला की सर्वांनी एकमेकांस प्रश्न विचारून बहुमताने एका संशयितास बाहेर काढायचे. मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात दिमित्री दाविदोव्ह यांनी १९८६-८७च्या सुमारास हा खेळ रचला. मोजक्यांना सर्व ठाऊक आणि बहुसंख्यांना काहीच ठाऊक नाही, हे त्याचे मर्म.

आमच्या डावात पहिल्या रात्री एक गडी गेला, आठ उरले. साध्या नागरिकाच्या दृष्टीने समोरच्या सातांत दोन दोषी आणि पाच निर्दोष. म्हणजे केवळ अंदाजाने बोट दाखवले तर सातांत पाच वेळा ते चुकणार. हिशेब असा असतानाही पहिला प्रश्न तत्काळ आला, आणि तो आला आमच्या चौदा वर्षांच्या अबोल नातीला : “तू गप्प का?”

“मला अजून काही कळलेलेच नाही, म्हणून,” ती म्हणाली.

“बघा, टाळते आहे!” दुसरा म्हणाला. हात वर झाले आणि ती बाहेर गेली. चिठ्ठी उघडली, तर ती साधी नागरिक. प्रश्न विचारणारा पहिला गडी माफिया होता. सूत्रधार म्हणून मला ते ठाऊक होते. बोलण्याची मात्र मुभा नव्हती.

नंतर ती माझ्याजवळ येऊन बसली. “आजोबा, मी खरे तेच सांगितले होते ना?” तिच्या या प्रश्नाने मला १९९३ सालची एक संध्याकाळ आठवली.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. दिवसअखेर रोख मोजली, तर चार हजारांची तूट. रक्कम देणाऱ्या दोन खिडक्यांवर दोन रोखपाल. एक बोलका, सर्वांचा लाडका, दुसरा मितभाषी. बोलक्याने स्वतःच शोधाशोध आरंभली, त्यामुळे त्याला कोणी काही विचारले नाही. मितभाषी माणसाला मात्र आम्ही तासभर प्रश्न विचारले. त्याचे खिसे उलटे करून घेतले, आणि तेही माझ्यासमक्ष. तो एवढेच म्हणाला, “साहेब, माझी व्हाउचरे पाहा.”

दुसऱ्या दिवशी शाखा उघडण्यापूर्वीच एक किराणा व्यापारी दारात उभे होते. घरी रक्कम मोजताना दहाच्या नोटांच्या गड्डीऐवजी पन्नासची गड्डी आल्याचे त्यांना आढळले होते. ती दुसऱ्या खिडकीवरून गेली होती. चोरी कोणीच केली नव्हती. “आज कोणाला कोणत्या नोटांच्या गड्ड्या दिल्या?” हा एकच प्रश्न आम्ही दोघांनाही विचारला असता, तर तूट कोठे आली असावी याचा माग त्याच संध्याकाळी लागला असता. मी त्या रोखपालाची क्षमा मागितली. “ठीक आहे, साहेब,” तो म्हणाला. परंतु माझी बदली होईपर्यंत त्याने पुन्हा कधी माझ्यासोबत चहा घेतला नाही.

नातीला मी हे सांगितले, आणि पुढच्या डावात एक नियम घातला. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकच प्रश्न : तुझा संशय कोणावर, आणि कशावरून? “अजून ठाऊक नाही” हेही उत्तर ग्राह्य. पहिल्या फेरीतील उत्तराने दोषी सापडत नाही. ती खतावणीतील पहिली नोंद असते. पुढच्या नोंदी तिच्याशी ताडून पाहायच्या. दुसऱ्या दिवशी नेमके तेच झाले. एकाने आदल्या दिवशी ज्याच्यावर संशय सांगितला, त्याला सोडून भलत्याच गड्याविरुद्ध मत दिले होते. कारण विचारताच तो अडखळला आणि पकडला गेला. दुसरा माफिया निसटला. नागरिक तोही डाव हरले. पण या वेळी केवळ गप्प बसल्याबद्दल कोणी बाहेर गेले नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर सायंकाळी गल्ला मोजला जातो. त्यात तूट आली की पहिली नजर बहुधा नव्या पोऱ्याकडे वळते, कारण तो परका असतो आणि मालकासमोर त्याची जीभ अडखळते. त्या वेळी दिवसभरात गल्ल्याला ज्यांचे ज्यांचे हात लागले, त्या सर्वांना एकच प्रश्न विचारावा, आणि त्यांत आपल्या चिरंजीवांनाही धरावे. चार हजार रुपये आम्हाला एका रात्रीत परत मिळाले. त्या रोखपालाचा विश्वास मात्र मला अखेरपर्यंत मिळाला नाही.