‘भागीदार’ म्हणवला जाणारा विद्यार्थी

महाविद्यालयाची फी, खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल यांची तोंडमिळवणी करता करता विद्यार्थ्यांचा एक मोठा वर्ग आज कामगारांच्या रांगेत येऊन उभा राहिला आहे. पुण्यातील सदाशिव पेठ असो, दिल्लीतील मुखर्जीनगर असो वा हैदराबादमधील अशोकनगर असो. दिवसा अभ्यासिकेत बसणारा तरुण रात्री पाठीवर पिशवी अडकवून दारोदार जेवण पोहोचवतो. निती आयोगाच्या 2022 च्या अहवालाने 2020-21 मध्ये देशातील अशा ‘गिग’ कामगारांची संख्या 77 लाख धरली होती. कंपन्या त्यांना ‘भागीदार’ म्हणतात. पण या भागीदाराला नफ्यात वाटा नाही, दर ठरवताना मत नाही. त्याच्या वाट्याला येते ती केवळ जोखीम.

कामावर जायबंदी झालेल्या कामगाराला मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क 1923 च्या कायद्याने दिला. ‘भागीदार’ या एका शब्दाने कंपन्या तो हक्क नाकारू पाहतात. म्हणून मोबाईलवर बोट टेकवून काम स्वीकारण्यापूर्वीच विद्यार्थ्याने काही गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत.

पहिला धोका काम शोधतानाच उभा असतो. बेकारी जेथे अफाट, तेथे बेकाराला लुबाडणाऱ्यांचा धंदाही तेजीत चालतो. घरबसल्या चित्रफिती ‘लाईक’ करण्याचे काम देऊन प्रारंभी शे-दोनशे रुपये खात्यात टाकायचे आणि मग ‘मोठ्या कामा’साठी हजारोंची अनामत उकळायची, ही त्यांची ठरलेली रीत आहे. काम देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहावे. गणवेश वा पिशवी यांसाठी काही कंपन्या रक्कम कापतात. तेथेही पावतीवाचून एक पैसा देऊ नये. ‘दरमहा कमिशन’ घेऊन आपले बँक खाते वा सिमकार्ड परक्याच्या हाती देणे तर सर्वांत घातक होय. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, सूत्रधार नामानिराळा राहतो आणि पोलीस विद्यार्थ्याच्या दारी येतात. फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प न बसता 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

दुसरा धोका रस्त्यावरचा. घरच्या वापरासाठी विमा उतरवलेल्या दुचाकीवरून मोबदला घेऊन माल वाहिला जात असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. कंपनीने दिलेला अपघात विमा कोणत्या वेळी लागू होतो, तो ॲप बंद असताना चालतो काय, रुग्णालयाच्या खर्चाची मर्यादा किती, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारून घ्यावे. प्रत्येक दिवसाची कमाई, कपात आणि दंड यांची चित्रे मोबाईलमध्ये जपून ठेवावीत. खाते एकाएकी बंद झाले की ॲपमधील हिशेबही बंद होतो आणि कामगाराच्या हाती पुरावा उरत नाही.

परंतु केवळ वैयक्तिक सावधगिरीने हा प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दहा मिनिटांत माल पोहोचवण्याचे आश्वासन जाहिरातीतून द्यायचे आणि सिग्नल तोडणाऱ्या पोराला बेजबाबदार ठरवायचे, ही नीती मालकवर्गाच्या सोयीची आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता संसदेने 2020 मध्ये संमत केली. ती अंमलात आली 21 नोव्हेंबर 2025 रोजी. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीत द्यावी, अशी तीत तरतूद आहे. परंतु डिसेंबर 2025 मध्ये केंद्राने प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे किमान 90 दिवस काम झालेले असावे, अशी अट घालण्यात आली. उन्हाळी सुटीत दोन महिने राबणारा विद्यार्थी या अटीबाहेरच राहतो. अपघात मात्र 90 दिवस पुरे होण्याची वाट पाहत नाही! पहिल्या दिवसापासून अपघात संरक्षण, ही मागणी म्हणूनच अग्रक्रमाने पुढे आली पाहिजे.

मागितल्याखेरीज काही मिळत नाही, हा कामगार चळवळीचा जुना अनुभव येथेही खरा ठरला आहे. राजस्थानने 2023 मध्ये या कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला, तो त्यांच्या संघटनांच्या रेट्यामुळेच. 31 डिसेंबर 2025 रोजी देशभरातील पोहोचवणाऱ्या कामगारांनी संप पुकारला. दहा मिनिटांची सक्ती बंद करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. पुढच्याच महिन्यात केंद्रीय श्रममंत्र्यांनी हस्तक्षेप केला आणि त्या जाहिरातीला आवर घालणे कंपन्यांना भाग पडले. जाहिरात गेली, पण वेग आणि दर ठरवणारे यंत्र अद्याप कंपनीच्याच हाती आहे.

विद्यार्थी संघटनांनी हे काम ‘तात्पुरते’ म्हणून दुर्लक्षू नये. वसतिगृहावसतिगृहांतून अशा विद्यार्थ्यांची नोंद करावी, अपघातप्रसंगी धावून जाणारी पथके उभारावीत आणि त्यांना कामगार संघटनेशी जोडून द्यावे. काम तात्पुरते असेल. त्यात मोडलेला हातपाय तात्पुरता नसतो.