सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली एक नेम धरला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला, की घरोघर टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठच्या भोंग्यापर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, थोरांनी वाचायचे, बोलायचे.

आपल्या गावात भोंगा नसेना का, दिवेलागण तर आहे! हवामान, बाजारभाव आधी पाहून घ्यावेत आणि दिवा लागताच मोबाईल फडताळात ठेवावेत. पहिला मोबाईल बापाचा. तोच बोट फिरवीत बसला, तर पोर पुस्तक कशाला उघडेल? घंटी वाजली तर उठावे, एरवी हात लावू नये.

आठ दिवस करून पाहा. पोर शाळेतले काय सांगते, ते ऐकू येऊ लागेल.