कला-संस्कृतीचं शिक्षण परदेशात : कर्ज नको, शिष्यवृत्ती शोधा

बारावी झाली की पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णीकडच्या आपल्या घरांत एकच चर्चा असते : नीट, इंजिनिअरिंग, नाहीतर डी.एड. उर्दू, इतिहास किंवा चित्रकला घेणाऱ्या मुलाला लगेच विचारलं जातं, "खाणार काय?" अशा विषयांत परदेशी विद्यापीठात शिकता येतं, हे आपण मनातही आणत नाही.

दोष फक्त पालकांचा नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी थांबली. कला शाखेच्या पदवीनंतर पगार बेताचाच. त्यात लाखोंचं कर्ज आणि वर व्याज, जे आपल्या कितीतरी घरांना दीनी कारणानेही नको असतं. म्हणजे कर्जाचा रस्ता आपल्यासाठी जवळपास बंदच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन मजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहास हे विषय वगळले गेले. कारण दिलं की, हे इथेच शिकता येतं. मग पैसेवाल्याचं पोरगं लंडनला जाऊन भारतीय कला शिकतं, ते कसं चालतं? आपला इतिहास कोण लिहिणार, हा प्रश्न यात दडलाय.

वऱ्हाडाचंच बघा. यवतमाळ त्याचाच भाग. अचलपूर इमादशाहीची राजधानी होती. गाविलगडावर फारसी शिलालेख आहेत. उर्दू आणि मराठी दोन्ही सहज येणारी आपली मुलं फारसी, मोडी शिकली तर हे काम त्यांच्याइतकं चांगलं कोण करील?

वाट नवीन नाही. १९०६ साली मुंबईच्या अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षक-प्रशिक्षणाला गेल्या. पुढे त्यांनी भारतीय संगीतावर पुस्तक लिहिलं. अलीकडचं उदाहरण यवतमाळचंच. इथून 'एकलव्य'चं काम सुरू करणारे राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. ही संस्था आता पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अशा अर्जांसाठी मार्गदर्शन करते.

चेव्हनिंगमध्ये एक वर्षाच्या एम.ए.चा पूर्ण खर्च मिळतो. २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, पण त्यात स्वयंसेवी काम आणि इंटर्नशिपही धरतात. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये बंद होतात. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपमध्ये कला-व्यवस्थापन, वारसा जतन आणि संग्रहालयशास्त्र आहे. वारसा जतनासाठी चार्ल्स वॉलेस ट्रस्ट आहे, युरोपसाठी इरास्मस मुंडस आहे. राज्याच्या अल्पसंख्याक विभागाच्या परदेश शिष्यवृत्तीचीही जाहिरात निघाली की, आपली शाखा बसते का ते नीट वाचावं.

जागा थोड्या आणि चुरस मोठी, हे खरंच. म्हणून तयारी बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून हवी : इंग्रजी, पासपोर्ट, कामाचे दाखले, शिफारसपत्रं. पासपोर्ट आणि इंग्रजीच्या परीक्षेची फी काही घरांना जड जाते. तेवढा भार गावातल्या जमातीने उचलला तरी खूप झालं. मुलींच्या बाबतीत तर "एवढ्या लांब कशाला" म्हणण्याआधी १९०६ साल आठवावं.

सरकारकडे बंद योजना सुरू करा ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. पण योजना परत येईपर्यंत मुलांचं वय थांबत नाही.