पत्ता पुणे, मुक्काम चिंचवड

मागच्या आठवड्यात टीममध्ये एक नवीन मुलगा आला. त्याने विचारलं, "कुठे राहतोस?" मी सवयीने म्हटलं, "पुण्यात." "पुण्यात कुठे?" "चिंचवडला." "अरे, मग पुण्यात कुठे राहतोस!" पठ्ठ्या कोथरूडचा होता. सगळे हसले, मीही हसलो. पण ते डोक्यात राहिलं. तीन वर्षं झाली इथे फ्लॅट घेऊन. मला चिंचवडचं काय माहीत होतं? स्टेशन, दोन-तीन हॉटेलं आणि हिंजवडीला जायचा शॉर्टकट.

म्हणून रविवारी सकाळी बाईक पार्किंगमध्येच ठेवली आणि चालत चिंचवडगावात गेलो.

पवनेच्या काठावर मोरया गोसावींचं समाधी मंदिर आहे. 'गणपती बाप्पा मोरया' मधला मोरया तो हाच, असं मानलं जातं. म्हणजे दरवर्षी मिरवणुकीत आपण घसा बसेपर्यंत ओरडतो, त्यात आपल्याच गावचा माणूस असतो आणि आपल्याला पत्ता नसतो! भाद्रपदात आणि माघात इथून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदी थेट देवळात शिरते.

तिथून जवळच चापेकरांचा वाडा. २२ जून १८९७ ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ उरकून प्लेग कमिशनर रँड गणेशखिंडीतून परतत होता, तेव्हा दामोदर चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. हे सगळं शाळेत पाठ केलेलं, मार्कांसाठी. पण समारंभ झाला ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत, हे कुठे डोक्यात शिरलं होतं? शनिवारी एफसी रोडला जाताना मी त्याच रस्त्यावर सिग्नलला शिव्या घालत उभा असतो. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव, तिघे सख्खे भाऊ १८९८-९९ मध्ये फासावर गेले. वाड्यासमोर उभं राहिल्यावर त्या आई-वडिलांचा विचार पहिल्यांदा मनात आला.

मग रिक्षा करून पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या बाजूला गेलो. 'एचए' हा माझ्यासाठी फक्त एक बसस्टॉप होता. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने सरकारने हा कारखाना उभारला, देशात पेनिसिलीन बनावं म्हणून. सरकारी क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. आपल्याला वाटतं, हायटेक काम इकडे आपल्या आयटी पार्कांबरोबर आलं. कसलं काय!

इथवर सगळं अभिमानाचं झालं. पण घरी येऊन नळ उघडला आणि आणखी एक गोष्ट आठवली, जी कुठल्याच फलकावर दिसली नव्हती. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात बऊरजवळ शेतकऱ्यांनी एक्स्प्रेसवे अडवला होता. पवना धरणाचं पाणी बंद पाइपलाइनने थेट पिंपरी-चिंचवडला न्यायचं, याला त्यांचा विरोध होता. पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. ते पाणी कुणासाठी न्यायचं होतं? माझ्यासारख्यांसाठीच ना? सोसायटीत मात्र आमचा वाद असतो, टँकरचा खर्च कुणी भरायचा.

मला वाटतं, उपनगराला आपण झोपायची जागा समजतो, ही खरी चूक आहे. पत्त्यात पुणे लिहिलं की इथल्या कशाशीच आपला संबंध उरत नाही. नदी घाण झाली तर महापालिका बघेल. वाडे पडले तर तिथे टॉवर होईल, भाव वाढतील. ज्यांच्या जमिनीवर आपलं पार्किंग आहे ते 'गाववाले' आणि आपण 'पुणेकर'. हे कुठलं गणित? गावचा इतिहास कळला म्हणजे नुसती मिरवायची सोय होत नाही, थोडी देणीही लागतात. मी काही क्रांती करणार नाहीये, ईएमआय आहे डोक्यावर. पण पुढच्या मीटिंगमध्ये टँकरच्या आधी पाणी कसं वाचवायचं हा विषय काढणार आहे. लोक वैतागतील, वैतागू देत.

असो. सोमवारी कुणी विचारलंच, तर मी सरळ "चिंचवडला" म्हणणार आहे. आणि त्या कोथरूडकराला एका रविवारी इकडे घेऊन येणार आहे. चहा माझ्याकडून.