बी वाचतं ते माणसांमुळे

युद्धाच्या बातम्या आपण रोज पाहतो. किती ठार, किती जखमी, किती घरं पडली, हे आकडे मुलांनाही पाठ झालेत. पण एका नुकसानीची बातमी आपल्यापर्यंत फारशी येत नाही. ती म्हणजे बियाण्याची, आणि त्यासाठी आयुष्य घालवणाऱ्या संशोधकांच्या मेहनतीची.

३१ जुलै २०२५ रोजी इस्राएली लष्कराने अल-खलील म्हणजेच हेब्रॉन इथलं एका पॅलेस्टिनी शेतकरी संस्थेचं बीजवृद्धी केंद्र बुलडोझरने पाडलं. इस्राएलने २०२१ मध्ये या संस्थेला दहशतवादी ठरवलं, संस्था तो आरोप नाकारते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या देशी वाणांचं बी तयार व्हायचं. सुदानमध्ये वाद मदनी इथली राष्ट्रीय बीजपेढीही यादवी युद्धात लुटली गेली.

सुदान लांब आहे, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. तर ऐका. आपल्या ताटातली भाकरी ज्या ज्वारीची, ती माणसाने शेतात आणल्याचे सर्वांत जुने पुरावे पूर्व सुदानमध्येच सापडलेत, सुमारे ५ हजार वर्षांपूर्वीचे. मसूर आणि हरभराही शाम-तुर्कस्तानच्या पट्ट्यातून जगभर गेले. उद्या नवा रोग आला, पाऊस लांबला, तर त्याला तोंड देणारा गुण याच जुन्या वाणांत शोधावा लागणार. वाण एकदा गेला की तो पुन्हा बनवता येत नाही.

मग उपाय काय? तो शामनेच दाखवलाय. हलबजवळ ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राची बीजपेढी होती. गहू, जव, मसूर, हरभऱ्याचे सुमारे दीड लाख नमुने तिथे होते. २०११ मध्ये युद्ध पेटलं. पण नॉर्वेतल्या स्वालबार्ड बेटांवर, डोंगराच्या पोटातल्या कोठारात, इथले शास्त्रज्ञ २००८ पासूनच बियांच्या प्रती पाठवत होते. गोळीबार चालू असतानाही तिथल्या कर्मचाऱ्यांनी पेढी सांभाळली आणि उरलेल्या प्रती बाहेर काढल्या. २०१५ मध्ये त्या कोठारातून इतिहासात पहिल्यांदा बी परत घेतलं गेलं, ते याच केंद्राने. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरलं, वाढवलं आणि २०१७ पासून नव्या पिकाचं बी पुन्हा स्वालबार्डला जमा केलं.

या कोठाराचा नियम आपल्याला लगेच समजेल. ज्याने पेटी ठेवली, मालकी त्याचीच. दुसरा कुणी ती उघडू शकत नाही. ही सरळसरळ अमानत आहे. सुदानने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे बी पाठवलं, पॅलेस्टिनी संस्थेने तर केंद्र पडायच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये.

पण नुसत्या बर्फाने काम भागत नाही. थंडीतही बियांची उगवणशक्ती हळूहळू कमी होते. काही वर्षांनी ते काढून पेरावं लागतं, नोंदी ठेवाव्या लागतात, वाण ओळखावा लागतो. त्यासाठी शिकलेली माणसं लागतात. इमारत पुन्हा बांधता येते, पण पांगलेले संशोधक पुन्हा एकत्र आणणं अवघड असतं.

इथे आम्हाला आमच्या वर्गातली मुलं आठवतात. दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात डॉक्टर नाहीतर इंजिनीअर, एवढंच बोललं जातं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथे चार कृषी विद्यापीठं आहेत, पण किती पालक त्यांचं नाव काढतात? अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, तरी घरात देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० चा पद्मश्री मिळवला. आपल्याही नानी-दादी वालाचं, भोपळ्याचं बी राख लावून मडक्यात ठेवायच्या. ते ज्ञान आपण एका पिढीत सोडून दिलं.

पॅलेस्टाईन आणि सुदानसाठी दुआ करूया, मदतही पाठवूया. त्याचबरोबर घरातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला विचारूया, “बेटा, वनस्पतिशास्त्र शिकशील का?”