आजारातून उठलेल्या माणसांना कामावर घ्या

मनोरुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. आत्महत्येची जोखीम याच काळात फार वाढते, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. आणि नेमक्या याच काळात आपल्याकडे त्या माणसाच्या सोबत कोणी नसते. हातात केसपेपर, गोळ्यांची पिशवी आणि पुढच्या महिन्याची तारीख. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, कुठल्याही मनोरुग्णालयातून तो निघो, गावी पोचल्यावर त्याच्याशी त्याच्या आजाराबद्दल न घाबरता बोलेल असे एकही माणूस त्याला भेटत नाही.

म्हणून हे आवाहन. मानसिक आजारातून स्वतः गेलेल्या आणि सावरलेल्या माणसांना महाराष्ट्राच्या मानसिक आरोग्यसेवेत रीतसर, पगारी काम द्या. प्रत्येक जिल्ह्यात द्या, आणि लवकर द्या.

ही माणसे काय करतील, असे विचारले जाते. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकड्यावर पहिल्यांदाच आलेले आईबाप पाहा. ओळखीचे कोणी दिसेल या भीतीने मान खाली. त्यांच्या शेजारी बसून ‘मीही इथेच बसलो होतो, आता दुकान सांभाळतो’ असे कोणी सांगितले, तर त्या एका वाक्याने जो धीर येतो तो भिंतीवरच्या दहा फलकांनी येत नाही. डॉक्टर स्किझोफ्रेनिया समजावून सांगतात, पण रांगेतल्या माणसामागे त्यांच्याकडे मिनिटे मोजकीच असतात. गोळीने अंग आखडते, वजन वाढते, सकाळी डोळे उघडत नाहीत, आणि तरीही ती मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची, हे ती गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याने सांगितले की पटते. देवऋषाकडे जाऊन आल्याचे डॉक्टरांपुढे लपवणारे कुटुंब त्याच्यापाशी मोकळे होते, कारण त्याच्या घरच्यांनीही तेच केलेले असते. आवाज ऐकू येतात हे आईलाही न सांगणारा मुलगा त्याला सांगतो. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सोबत जाणे, ठरलेल्या तारखेला कोणी आले नाही तर घरी जाऊन चौकशी करणे, हीही त्याचीच कामे. औषधाचा डोस ठरवणे मात्र त्याचे काम नाही, आणि ही मर्यादा प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवली पाहिजे.

हे काही परदेशातून आणलेले खूळ नव्हे. पुण्याच्या मुक्तांगणात 1986 पासून व्यसनमुक्तीचे काम चालते आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसेच तिथे इतरांना आधार देतात. एचआयव्ही कार्यक्रमात ‘पीअर एज्युकेटर’ना सरकारी योजनेतून मानधन मिळते. पुण्यातल्याच इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटीराइट्स’ कार्यक्रमाखाली 2014 पासून गुजरातच्या सरकारी रुग्णालयांत काम केले. त्यात स्वानुभवी स्वयंसेवकांना रुग्णांच्या आधाराला उभे केले होते. पुण्याच्या माणसांनी जे गुजरातेत करून दाखवले, ते येरवड्यात, ठाण्यात का होऊ नये?

इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. स्वानुभवी कार्यकर्त्याची सोबत मिळालेल्यांपैकी 29 टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेत दाखल व्हावे लागले, न मिळालेल्यांपैकी 38 टक्क्यांना. इंग्लंडमधल्याच नंतरच्या एका मोठ्या चाचणीत असा फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. ही जादू नाही. नीट प्रशिक्षण, पाठीशी अनुभवी समुपदेशक आणि ठरलेले काम असेल तरच या सोबतीकडून काही अपेक्षा ठेवता येते.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. एवढी दरी केवळ मानसोपचारतज्ज्ञांच्या बळावर भरून निघेल, असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुनर्विलोकन मंडळांवर आजारातून गेलेली माणसे, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दोन जागा ठेवल्या. निर्णयाच्या टेबलाशी ज्यांना बसवता, त्यांना वॉर्डात आणि ओपीडीत काम देताना का कचरता?

‘तो पुन्हा आजारी पडला तर?’ पडेल. मधुमेह असलेली परिचारिकाही आजारी पडते, रजा घेते, परत येते. तीच सोय इथे हवी. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: अशा माणसाला नेमून चहा आणायला आणि फायली उचलायला लावतील, समारंभात सत्कार करतील आणि मानधन सहा महिने थकवतील. आशाताईंना मानधनासाठी संप करावे लागले. यांच्यावर ती वेळ आणू नका.

शुभार्थींनो, म्हणजे या आजारातून गेलेल्यांनो, तुम्ही सावरला असाल आणि मन तयार असेल, तर पुढे या. घाई नको, आणि स्वतःची गोष्ट किती सांगायची हे तुम्हीच ठरवा. शुभंकरांनो, म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्यांनो, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्यांना अडवू नका. लग्नाच्या बोलण्यांत आडकाठी येईल ही तुमची भीती खरी आहे, पण लपवण्यानेच ती पिढ्यानपिढ्या टिकली आहे. मानसोपचारतज्ज्ञांनो, स्वानुभवी कार्यकर्त्याला तुमच्या ओपीडीत एक खुर्ची आणि टीमच्या बैठकीत एक जागा द्या. त्याचे म्हणणे ऐका, तुमच्या मताविरुद्ध असले तरी.

आणि बाकीच्या आपण सर्वांनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात स्वानुभवी कार्यकर्त्याचे पद निर्माण करा, अशी मागणी येत्या ग्रामसभेत ठराव करून मांडायची आहे. शहरात असाल तर आमदारांना आणि आरोग्यमंत्र्यांना पत्र लिहा. पत्रात तीनच गोष्टी मागा: पद, प्रशिक्षण आणि दरमहा वेळेवर वेतन.

तुमच्या घरात आज, आत्ता कोणी संकटात असेल, तर आधी टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते.