गोधडी आपली, नालाही आपलाच!

कापूस पिकवणाऱ्या आपल्या खान्देशात बाळंतविड्यातली गोधडीसुद्धा आता पॉलिस्टर साडीची! ना घाम शोषते, ना कधी कुजते. आमच्या बचत गटाने म्हणून सुती जुनेरांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. अस्तर घरीच रंगवलं अन् उरलेलं लाल पाणी नाल्यात ओतलं. चूक आमचीच. काही अ‍ॅझो रंगांवर 1997 पासून बंदी आहे. पण सुट्या पुडीत काय असतं, कोण सांगणार? आता डाळिंबाच्या साली उकळतो, तुरटीने पिवळा रंग धरतो. मेहनत वाढली, गोधडी थोडी महागली आणि तिथेच मैत्रिणी घासाघीस करतात. बायांनो, साडीला हजार मोजतो ना आपण? मग सुती जुनेर बोहारणीला देऊ नका अन् शिवणारणीचे पैसे कापू नका.